दीड इंचात मावेल तेवढं

हुडकेश्वर, नागपूर
११ नोव्हेंबर २०२४

मामा, जय भीम.

ख्यालीखुशाली आई तिच्या पत्रात लिहील. मी रागात आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. फोनवरच भांडले असते, पण पॉवर हाऊसच्या टर्बाईनने तुमचे कान कधीचेच खाल्ले. मी ओरडणार, तुम्ही "हॅलो, हॅलो" करणार, आणि शेवटी "जेवली का वं?" विचारून ठेवून देणार. म्हणून हा कागद.

तुम्ही दिलेली ती फाईल. तीन इंची, काळी, गोल रिंगांची. "घे, यात सगळं मावते," म्हणालात. मावलं, मामा. सगळं मावलं. आणि काल सगळं बाहेर आलं.

काल हॉलवर दिवे, संगीत, पडदा सगळं एकत्र लावून पहिली तालीम होती. मी विंगेत. माझं काम तुम्हाला सांगायला नको: पानावर बोट, कानात संवाद, आणि ठरलेला शब्द आला की वॉकीवर दिवेवाल्या प्रीतमला म्हणायचं, "आता." एक हात वॉकीवर, म्हणजे फाईलसाठी उरला एकच. त्या एका हाताने ती तीन इंची धोंड उचलून पाहा एकदा. स्टुलावर ठेवली तर निम्मी बाहेर लोंबते. मांडीवर घेतली तर उठता येत नाही.

दुसऱ्या अंकात पान उलटायला गेले. पान रिंगेच्या वळणावर अडकलं. मी ओढलं. फाईल स्टुलावरून खाली, रिंगा उघड्या, आणि साडेचारशे पानं विंगेतून थेट रंगमंचावर. प्रीतम माझ्या "आता"ची वाट पाहत अंधार धरून बसला. चिन्मयी, आमची मुख्य नटी, त्या अंधारात हात पुढे करून उभी. आणि आमचे दिग्दर्शक ऋषी सर प्रेक्षागृहातून माईकवर काय म्हणाले माहीत आहे? "या रद्दीवालीला आत कोणी घेतलं?"

सोळा माणसं हसली. मी गुडघ्यांवर पानं गोळा करत होते.

आता सर म्हणतात, पुढच्या तालमीत असं झालं तर फाईल अंकितकडे, आणि मी परत कपड्यांच्या इस्त्रीवर. अंकित म्हणजे त्यांचा सहायक. इस्त्री करत करत पाच वर्षांनी मी त्या स्टुलापर्यंत पोचले आहे, मामा. पहिला प्रयोग आठ डिसेंबरला.

एवढंच सांगा, तीन इंची कुठल्या हिशेबाने दिलीत? माप काय असतं त्याचं? की कपाटात पडली होती म्हणून दिलीत?

मोनाली

*

खापरखेडा कॉलनी
१५ नोव्हेंबर २०२४

चि. मोनालीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यावर चिडलो, दुसऱ्यांदा त्या ऋषीवर. आधी तुझा हिशेब करतो.

मी तुला पेटी दिली आणि तू ती पाकिटासारखी घेऊन फिरलीस. तीन इंची फाईल कपाटासाठी असते बाई! तालमीचे दोन महिने काय काय जमतं ते सगळं त्यात टाकायचं, टेबलावर ठेवायचं, आणि विंगेत जाताना बारीक वेगळी न्यायची. आता म्हणशील, "मामा, हे तेव्हा सांगितलं नाही." नाही सांगितलं. तुला कळत असेल असं वाटलं. आम्हाला कोणी शिकवलं होतं? मी तर सातवी नापास. आमच्याकडे रिंगाही नव्हत्या, सुतळीने शिवलेलं बाड होतं. नाटकाची वही म्हण. ते आपोआप उघडत नसे, कारण त्याला तेवढी अक्कल नव्हती.

आता माप. लिहून घे.

विंगेत जी पानं खरोखर लागतात, तेवढीच वेगळी काढ. थप्पी लाव, वरून तळहाताने दाब आणि पट्टीने मोज. जेवढी भरेल त्यात निम्मी आणखी मिळव. तेवढी तुझी फाईल. इंचभर भरली तर दीड इंची घे. गच्च भरलेली फाईल पान उलटू देत नाही, आणि अगदी रिकामी असली तर पानं आत लोळतात. रिंग गोल घेऊ नको. इंग्रजी डी सारखी, एका बाजूने सपाट मिळते, सीताबर्डीत कोणत्याही दुकानात दाखवतील. तिच्यावर पानं सरळ बसतात, वळणावर चढत नाहीत. दुकानातच उघडून पाहा, पूर्ण सपाट पडते की नाही. मग बंद करून एकदा जमिनीवर आपट. दुकानदार बोंबलू दे. रिंगा उघडल्या तर त्यालाच परत दे. शेवटी डाव्या हातावर आडवी घेऊन दहा मिनिटं उभी राहा. हात भरून आला तर एक माप खाली ये. कागद जाड घे, विंगेतल्या पंख्याने फडफडत नाही.

पण मला एक समजत नाही. दोन तासांचं नाटक. पान एका बाजूने छापलं तरी नव्वद-शंभर होतात. साडेचारशे कुठून आली? कोणी भरली? हे मला आधी सांग.

तीन इंची काहून दिली ते विचारू नको. जागा असलेली बरी, एवढंच.

आणि तो शब्द. माईकवर म्हणाला ना? सोळा जणांसमोर? आपल्या घरातल्या माणसाला तो शब्द कोणी कुठून फेकून मारतो, ते मला चांगलं माहीत आहे. मी चाळीस वर्षं नोकरी केली, मला त्याचा वास लांबून येतो. कदाचित त्याच्या मनात तसं नसेलही. पण तोंडात तर होतं. ते मी पाहतो.

जेवत जा.

तुझा मामा
लहानू

*

हुडकेश्वर
२४ नोव्हेंबर

मामा,

जय भीम लिहिते, कारण आई मागे उभी आहे.

तुम्ही सरांना पत्र लिहिलंत!

"ते मी पाहतो" याचा अर्थ हा असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. काल तालमीआधी सर आले, खिशातून पाकीट काढलं, सगळ्यांना गोल बसवलं आणि मोठ्याने वाचलं. पहिला परिच्छेद चांगला होता, मी मान्य करते. "माझ्या भाचीला रद्दीवाली म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या तोंडाची रद्दी विकावी." त्यावर कोणी हसलं नाही. सरांचेही कान लाल झाले होते. तिथेच थांबला असतात तर मी तुमचे पाय धरले असते.

पण तुम्ही पुढे लिहिलंत. "मोनाली सातव्या महिन्यातच जन्मली. लहानपणी फार अशक्त होती, दोन वर्षं बसायलाही लागली नव्हती. तिला जड उचलायला देऊ नये. चूक माझी, मीच जड फाईल दिली."

मामा! मी एकोणतीस वर्षांची आहे! रंगमंचावरची सहा फुटी लाकडी लेव्हल एकटी ओढते! आता अंकित येता-जाता म्हणतो, "अबे, मोनालीले पाण्याची बाटली नको देऊ, भरलेली हाये." चिन्मयीने काल माझ्या हातातली खुर्ची घेतली, अगदी मायेने. ती माया मला रद्दीवालीपेक्षा जास्त लागली. भांडण माझं होतं. तुम्ही मध्ये पडलात आणि ते अंगणवाडीत नेऊन ठेवलंत. यापुढे माझ्या माणसांना माझ्याबद्दल एक ओळ लिहायची नाही. एकही नाही.

आता साडेचारशेचं ऐका, म्हणजे तुमचाच प्रश्न.

नाटक ब्याण्णव पानांचं आहे. पण सरांचे तीन खर्डे आहेत. ते सोमवारी एक प्रवेश कापतात, बुधवारी नवा लिहून आणतात आणि शुक्रवारी म्हणतात, "जुनाच बरा होता." शेवटच्या प्रवेशाचे तर चार प्रकार आहेत. एकात ती परत येते, एकात येत नाही, एकात दार वाजतं, एकात वाजतही नाही. मी जुनी पानं काढायला गेले तर म्हणाले, "काढायची नाहीत. मला कधीही लागतील." म्हणून ते सगळं विंगेत. वरून नकाशे, फोटो, कोणाला कोणती गोळी चालत नाही ती यादी. ही फाईल नाहीच, मामा. सरांचं डोकं आहे, भोकं पाडून लावलेलं.

मी मोजलं. सीताबर्डीत जाऊन डी रिंगवाली दीड इंची आणली. आपटूनही पाहिली, दुकानदार "मॅडम, ये क्या कर रहे" म्हणत राहिला. शेवटच्या खर्ड्याची पानं आणि दिव्यांच्या याद्या मिळून बरोबर इंचभर भरतात. तुमचं माप चोख आहे, ते मी नाकारत नाही. डाव्या हातावर ती अशी बसते की जणू हातालाच फुटली आहे.

पण सर दीड इंचात मावायला तयार नाहीत. काल म्हणाले, "आर्टिस्ट फायलीच्या मापाने विचार करत नाही." मी म्हटलं, "सर, पण प्रीतम एकाच वेळी एकच दिवा लावतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खुर्ची बोलली.

आणि तुम्ही एक गोष्ट दडवली आहे. "काहून दिली ते विचारू नको." विचारते. तुम्ही तीस वर्षांत एकदाही विंगेत पाय ठेवला नाहीत, कॉलनीचं नाटक असलं तरी. आई म्हणते डोळे गेले म्हणून सोडलं. मग गेल्या दिवाळीत माझ्या ड्रेसची तुरपाई कोणी केली?

मोनाली

*

खापरखेडा
२७ नोव्हेंबर २०२४

मोनाली,

पत्र लिहायला नको होतं. पहिला परिच्छेद परत घेणार नाही. दुसरा घेतला. अशक्त होतीस ते मात्र खरं आहे. असो, गप्प बसतो.

डोळे चांगले आहेत. सुई आजही पहिल्या फटक्यात ओवतो. डोळ्यांची गोष्ट मी तुझ्या आईला सांगितली, तुझ्या मामीला, पार्वतीला सांगितली, आणि मग तीच खरी झाली. आता तू विचारलंसच तर ऐक.

त्र्याण्णव साली आमचं कॉलनीचं नाटक स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेलं होतं. दिग्दर्शक आमच्याच ऑफिसातला मोठा साहेब. नाव लिहीत नाही, माणूस वारला. गुरुवारी तो मला म्हणाला, "लहानू, कोर्टाचा प्रवेश कापला. चार पानं काढून टाक." मी सुतळी सोडली, पानं काढली, बाड पुन्हा शिवलं. ती पानं बंबात गेली, पाणी तापलं, मी आंघोळ केली.

रविवारी रंगमंचावर गिरिधर तोच प्रवेश बोलू लागला. माझा जिवलग गिरिधर, समोरच्या क्वार्टरमधला. साहेबाने शनिवारी त्याला सांगितलं होतं की प्रवेश परत घेतला. मला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वाक्याला गिरिधर अडला. अडला की तो विंगेकडे बघायचा, आणि मी शब्द द्यायचो. पंधरा वर्षांत एकदा चुकलो नाही. त्या दिवशी त्याने पाहिलं आणि माझ्या हातात कोर्टच नव्हतं. मी बाड उलटतो आहे, तो बघतो आहे, प्रेक्षक खोकून राहिले. मग लोक हसले. तुझी ती सोळा माणसं हसली ना, तशी आठशे.

नंतर साहेब सगळ्यांसमोर म्हणाला, "लहानूने पानं हरवली." मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच सांगितलं." तो म्हणाला, "कधी? कोणी ऐकलं?" कोणीही ऐकलं नव्हतं. गिरिधरनेही मलाच विचारलं, "काहून रे लहानू, पानं तरी सांभाळायची होती." त्यानंतर एकोणीस वर्षं समोर राहिला, बोलला नाही. गेला तेव्हा खांदा दिला मी. तेवढंच.

म्हणून तीन इंची. कागद म्हणून फेकायचा नाही, हे मी त्या दिवशी गाठीशी बांधलं आणि तुझ्या गळ्यात घातलं. माझी भीती तुला उचलायला लावली. ती जडच होती. तुझा राग बरोबर आहे, आणि मला माझाच राग येतो आहे.

पण तुझं पत्र वाचता वाचता दुसराच राग आला. तीस वर्षं मी समजत होतो की पानं फेकली ही चूक झाली. छट्! पॉवर हाऊसमध्ये मी रोज काय करत होतो? मशीनवर हात घालायच्या आधी परमिट. कोणतं मशीन, कोणी बंद केलं, किती वाजता, आणि खाली सही. सही नाही तर हात नाही. चीफ इंजिनिअर डोक्यावर उभा राहून नाचला तरी नाही. बंद केलेलं पुन्हा सुरू करायचं, त्यालाही सही. म्हणून चाळीस वर्षांत माझ्या हाताखाली एक माणूस भाजला नाही. आणि नाटकात मी, भैताड, नुसत्या तोंडी शब्दावर चार पानं बंबात घातली. कारण नाटक म्हणजे कला, आणि कलेत साहेबाकडे सही कशी मागायची, लाज वाटत होती.

तू लाजू नको. जाड फाईल कपाटात राहू दे, त्याचं डोकं त्यात सुखात नांदो. विंगेत दीड इंची. तिच्यातल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याची सही आणि तारीख. पान बदलायचं तर जुनं बाहेर, नवं आत, नवी सही. फायलीत नाही ते नाटकात नाही.

देणार नाही तो. चिडेल. चिडू दे. तुझा आवाज चढवू नको, पेन पुढे कर.

मामा

*

नागपूर
३ डिसेंबर २०२४

श्री. लहानूजी यांस,

स. न. वि. वि.

आपल्या मागील पत्रास उत्तर द्यायचं नव्हतं. परंतु आता आपली भाची रोज माझ्यासमोर पेन धरून उभी राहते. ब्याण्णव पानांवर सही हवी म्हणते. ही पद्धत आपल्या वीजकेंद्रातली आहे असं कळलं. नाटक हे वीजकेंद्र नव्हे. ते तिसऱ्या घंटेपर्यंत बदलतं, बदलायलाच हवं. सत्तावीस वर्षांत कोणत्याही व्यवस्थापकाने माझ्याकडे सही मागितली नाही. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर आमचा मार्ग वेगळा.

मी तिला शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. सहीचा हट्ट सोडायचा, नाहीतर फाईल अंकितच्या हाती द्यायची. आपण वडीलधारे आहात, चार शब्द समजुतीचे सांगावेत.

रागाच्या भरात माईकवरून जो शब्द गेला त्याबद्दल खेद आहे.

आपला
ऋषी

*

खापरखेडा
५ डिसेंबर २०२४

मोनाली,

सोबतचं पत्र वाच. तुझी आई इथे आली आहे, तिच्याच हाती पाठवतो, टपालावर सोडत नाही.

मी त्याला उत्तर दिलेलं नाही. तू "एकही ओळ नाही" म्हणाली होतीस. चार वेळा कागद घेतला, चार वेळा फाडला. पार्वती म्हणाली, "कागद काहून फाडून राहिले? कोणाले लिवता?" म्हटलं, "कोणालेच नाही वं, तेच तं कठीण हाये."

खेद लिहिला आहे त्याने. सोळा जणांसमोर फेकलेल्या शब्दाचा खेद बंद पाकिटातून, तोही मला. तुला म्हणाला का?

समजुतीचे चार शब्द माझ्याजवळ नाहीत. सही मागायची की फाईल द्यायची, तुझं तू ठरव. यावेळी मी सांगणार नाही.

मामा

*

हुडकेश्वर
१६ डिसेंबर २०२४

प्रिय मामा, जय भीम.

आठवडाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखा हातच नव्हता. आता क्रमाने सांगते.

नाही, सर तो खेद मला म्हणाले नव्हते. शुक्रवारी तालमीला गेले तेव्हा तुम्ही पाठवलेलं सरांचं पत्र पर्समध्ये होतं. सगळे गोल बसले. सर म्हणाले, "मग? ठरलं?" मी म्हटलं, "ठरलं. सही नसेल तर मी फाईल चालवत नाही." आणि दोन्ही फायली टेबलावर ठेवल्या, तीन इंची आणि दीड इंची. आवाज चढवला नाही. पेन मात्र हातात उघडंच धरलं.

सर म्हणाले, "अंकित, उचल."

अंकित उठला. आधी जाड फाईल उघडली, पाच-सहा पानं उलटली, बंद केली. मग बारीक उघडली. शेवटच्या प्रवेशापाशी बराच वेळ थांबला. मला वाटलं, संपलं. पाच वर्षं गेली.

तो म्हणाला, "सर, हे शेवटचं कोणतं धरू? ती येते का नाही येत?"

"ते मी तुला वेळेवर सांगीन."

"वेळेवर म्हणजे मी अंधारात असन, सर, अन् तुम्ही प्रेक्षकात. उद्या चुकलं तं तुम्ही माईकवर मले काय म्हणसान?"

प्रीतम वरच्या लाईटच्या खोलीतून ओरडला, "मलेही सांगा बाप्पा, दार वाजते का नाही वाजत! मी दोन दिवे लावून बसलो हाये!"

अंकित फाईल ठेवून म्हणाला, "सर, सही तं मलेही लागन."

मामा, मला त्याचा इतका राग होता की पाण्याच्या बाटलीचा बदला घ्यायचं ठरवलं होतं. तो राग कुठे ठेवावा, कळेना.

सरांनी माझ्या हातातलं पेन हिसकावून घेतलं. ब्याण्णव पानं. पहिल्या दहा सह्यांनी कागद फाटतो की काय असं वाटलं. चहा आला, गार झाला. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, जिथून शेवटचा प्रवेश सुरू होतो, तिथे हात थांबला. मग चिन्मयीला म्हणाले, "ती येत नाही. दार वाजतं, पण येत नाही." चिन्मयी म्हणाली, "नक्की ना, सर?" सरांनी सही केली. दोन महिन्यांत पहिल्यांदा आम्हाला नाटकाचा शेवट कळला.

मग मी पर्समधून ते पत्र काढलं आणि म्हटलं, "सर, यातली खेदाची ओळ चुकीच्या पत्त्यावर गेली होती." त्यांनी वाचलं, चष्मा काढला. सगळ्यांसमोर म्हणाले, "मोनाली, तो शब्द मी वापरायला नको होता." रागातच म्हणाले, भिंतीकडे बघून. पण मोठ्याने म्हणाले. सोळाही जण होते, मी मोजले.

आठ तारखेचा प्रयोग. नाटक चांगलं झालं की वाईट, मला माहीत नाही. मी पाहिलंच नाही, मी पानं पाहत होते. टाळ्या पडल्या. शेवटच्या प्रवेशाच्या तोंडावर सर विंगेत आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "चिन्मयी आज रंगात आहे. तिला येऊ दे. दुसरा शेवट घे." मी फाईल तशीच डाव्या हातावर ठेवून बॅटरी त्यांच्या सहीवर मारली. ते सहीकडे बघत राहिले. मी बॅटरी ठेवली, त्याच हाताने वॉकी घेतला आणि म्हटलं, "आता." दार वाजलं. ती आली नाही.

तेव्हापासून सर माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहितात. अंकित ती आणून देतो आणि तोंड दाबून हसतो. मी भोकं पाडून फायलीत लावते. माझाही राग गेलेला नाही. तुमच्यावरचाही नाही, त्या सातव्या महिन्यावरून तर मुळीच नाही.

आज सकाळी चौथी चिठ्ठी आली. "पुढील प्रयोग एकोणतीस डिसेंबर. फाईल मोनालीनेच चालवावी." खाली सही, मोठी, लपेटदार.

मी परत पाठवली आहे. सहीखाली तारीख घातली नव्हती.

मोनाली